बांध मोडण्यापूर्वीं

वांटण्या करणें कठीण असतें, असें आपण नेहमीं ऐकतों. दोघां भावांत वाडा वांटावयाचा तर मधली भिंत कोठून न्यावी, आड कोणाकडे जावा, तुळशीवृंदावन कोणाच्या अंगणांत राहावें, यांवरून पिढ्यान् पिढ्या अबोला धरल्याचीं उदाहरणें आमच्या लातूर-नांदेडकडे गांवोगांव सांपडतील. परंतु झालेली वांटणी मोडून पुन्हां एक करणें हें त्याहून अवघड काम आहे, हें मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं कळलें. आणि तें ज्यानें शिकविलें तो कोणी वकील किंवा तलाठी नव्हता, माझ्या मेजावरचा एक जुना लॅपटॉप होता.

हा लॅपटॉप आमच्या घरीं आला २०१२ सालीं. त्या वर्षीं माझ्या धाकट्या कन्येला नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि सेवानिवृत्तीला दोन वर्षें उरलेल्या शाळामास्तराला परवडेल असें एक यंत्र मीं तिला घेऊन दिलें. त्यांत विंडोज सात ही कार्यप्रणाली होती व ५०० जीबींची हार्ड डिस्क होती. पुढल्या उन्हाळ्यांत कन्या लातूरला आली तेव्हां त्या यंत्रांत दुसरें बिऱ्हाड येऊन राहिलें होतें. यंत्र सुरू करतांच काळ्या पडद्यावर एक यादी उमटे. वर उबुंटू, खालीं विंडोज. बाणाची कळ दाबून ज्याच्या घरीं जावयाचें त्याच्याकडे जावें.

"हें आणखी कोण?" मीं विचारलें.

"बाबा, हें लिनक्स. कॉलेजांत सगळे हेंच वापरतात. शिवाय फुकट आहे."

फुकट या शब्दापुढें शाळामास्तराचे सर्व आक्षेप गळून पडतात. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स नांवाच्या एका विद्यार्थ्यानें या प्रणालीचा गाभा लिहिला आणि जगाला मोकळा करून दिला, उबुंटू हें त्याच घराण्यांतलें २००४ सालचें अपत्य, ही कुळकथा तिनें मला सांगितली. डिस्कचे तिनें दोन भाग केले होते. ३०० जीबी विंडोजकडे राहिले, २०० नव्या बिऱ्हाडाला मिळाले. भाडें नाहीं, भांडण नाहीं. मला तें सारें मोठें समंजसपणाचें वाटलें.

२०१६ सालीं ती नोकरीसाठीं पुण्याला गेली. तिला तिकडे नवें यंत्र मिळालें आणि जुनें माझ्या वांट्याला आलें. मी विंडोजचाच माणूस. पण रोज सकाळीं यादी उमटल्यावर दहा सेकंदांच्या आंत खालच्या बाणाची कळ दाबली नाहीं तर यंत्र मला परस्पर लिनक्सच्या ओसरीवर नेऊन सोडी. चहाचा पेला हातांत असतांना हें अनेकदां घडे. मग मी चडफडत पुन्हां मागें फिरे. शेजाऱ्याबद्दल मनांत जी अढी बसते ती अशाच क्षुल्लक कारणांनीं बसत असते.

२०१९ च्या दिवाळीपूर्वीं विंडोजच्या हिश्शाची जागा संपत आली. पडद्यावरची निळी पट्टी तांबडी झाली. मीं जुन्या मासिकांचीं पानें स्कॅन करून ठेवण्याचा छंद घेतला होता. तीं पानें सारी जागा खाऊन बसलीं होतीं. इकडे माझीं पानें दाटीवाटीनें उभीं, आणि तिकडे २०० जीबींचा ऐसपैस वाडा तीन वर्षें कुलूपबंद! माझ्यांतला घरमालक जागा झाला. विंडोजमध्यें डिस्क मॅनेजमेंट नांवाचा एक तक्ता आहे. त्यांत डिस्क आडव्या पट्ट्यासारखी दिसते, आणि प्रत्येक हिस्सा आपापल्या चौकटींत. माझ्या हिश्शावर नांव होतें, अक्षर होतें. लिनक्सच्या हिश्शावर कांहींच नव्हतें. विंडोजला त्या घराची भाषा वाचतां येत नाहीं. तेथें कोणीतरी आहे एवढेंच त्याला ठाऊक असतें, काय आहे तें दिसत नाहीं. आणि जें आपल्याला वाचतां येत नाहीं तें रिकामेंच आहे, असें समजण्याची चूक विंडोजनें नव्हे, मीं केली.

हिस्सा पुसून टाकूं का, असें यंत्रानें विचारलें. त्यांतली सर्व सामग्री जाईल, अशी ताकीदही दिली. मीं होय म्हटलें. काम पुरतें एका श्वासांत झालें. एवढा मोठा वाडा पाडला तर धूळसुद्धां उडाली नाहीं. मग मीं माझा हिस्सा वाढवूं पाहिला, तों वाढविण्याची आज्ञा फिकट पडलेली. ती दाबतांच येईना. बहुधा यंत्र एकदां बंद करून चालू करावें लागत असेल, असें समजून मीं तें बंद केलें. चालू केलें तेव्हां यादी आली नाहीं. काळ्या पडद्यावर इंग्रजींत एक ओळ आली. असा कोणताही हिस्सा नाहीं, असा तिचा अर्थ. तिच्याखालीं बचावाची हांक मारणारे दोन शब्द, आणि लुकलुकणारी एक रेघ. विंडोजही उठेना.

मीं पुण्याला दूरध्वनि केला. घडलेलें सांगितलें. ती रागावेल असें मला वाटलें होतें. ती कांहीं क्षण बोललीच नाहीं. मग अगदीं हलक्या आवाजांत म्हणाली, "बाबा, नानांचीं रेकॉर्डिंगें काढून घेतलीं होतींत ना?"

माझे हातपाय गार पडले.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांचें सारें बालपण निजामी अमलांत गेलें. शाळेंत उर्दू, घरांत मराठी; कचेरीच्या कागदावर फसली साल, घरच्या पंचांगांत शक; आमच्या बाजारांत हाली शिक्का, आणि बार्शी-सोलापूरकडे पाऊल टाकलें कीं कलदार रुपया. आमच्या घरीं पत्र्याच्या पेटींत माझ्या आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद आहेत, ते सगळे उर्दूंत. घरांत ते वाचूं शकणारे एकटे नाना. २०१४ च्या दिवाळींत कन्येनें त्यांच्यापुढें तो लॅपटॉप ठेवला आणि एकेक कागद त्यांच्याकडून वाचून घेतला. अकरा ध्वनिमुद्रणें झालीं. वाचतां वाचतां नाना थांबत, चष्मा पुसत, कोणत्या शेताचें नांव कसें पडलें तें सांगत. २०१७ सालीं नाना गेले. तीं मुद्रणें तिनें लिनक्सच्या घरांत ठेवलीं होतीं, कारण तीं तेथेंच केलीं होतीं. आपल्या नव्या यंत्रावर तीं नेण्याचें तिच्या मनांत होतें, तें राहून गेलें होतें. माझ्या दृष्टीनें रिकामा असलेला वाडा तो हा.

"आतां एक करा," ती म्हणाली, "त्या यंत्राला मुळींच हात लावूं नका. त्यावर कांहीं लिहिलें गेलें नसेल तर सगळें अजून तेथेंच आहे."

हें मला त्या वेळीं नुसतें सांत्वन वाटलें. तें अक्षरशः खरें आहे, हें मागाहून कळलें. आणि कळलें तें सातबाऱ्याच्या भाषेंत कळलें, म्हणून तसेंच सांगतों. डिस्कच्या अगदीं आरंभीं ५१२ बाइटांचा एक तुकडा असतो. त्यांतले पहिले ४४६ बाइट यंत्राला जागें करणाऱ्या आज्ञेला दिलेले. शेवटचे दोन खुणेचे. आणि मधल्या ६४ बाइटांत हिश्शांची यादी. कोणता हिस्सा कोठें सुरू होतो आणि केवढा आहे, एवढेंच त्या यादींत असतें. यादींत नोंदी मावतात चारच. अधिक हिस्से पाहिजेत तर एका नोंदीखालीं मोठें क्षेत्र धरून त्याचे पोटहिस्से पाडावे लागतात, व पोटहिश्शांची नोंद त्या क्षेत्राच्या आंतच ठेवावी लागते. हिस्सा पुसणें म्हणजे ही नोंद खोडणें. तलाठ्याच्या दप्तरांतून नांव गेलें म्हणून शेतांतली ज्वारी कोणी उपटून नेत नाहीं. ती उभीच असते. फक्त ती कोणाची, हें सांगणारा कागद उरत नाहीं. खरा नाश होतो तो त्या शेतांत दुसऱ्याचा नांगर चालल्यावर.

आणि येथें माझ्या अडाणीपणानेंच मला वांचविलें होतें. लिनक्सचा हिस्सा पोटहिश्शांपैकीं होता. पोटहिस्सा पुसला तरी त्याच्या भोंवतालचें मोठें कुंपण तसेंच राहतें. विंडोजला आपल्या उजव्या बाजूस अगदीं लागून असलेली पूर्ण बेवारशी जागाच घेतां येते, दुसऱ्याच्या कुंपणांतली घेतां येत नाहीं. म्हणून ती आज्ञा फिकट होती. आणि यंत्र उठत नव्हतें, कारण यंत्राला जागें करण्याचें काम लिनक्सनें आपल्याकडे घेतलें होतें. त्याचा एक पाय डिस्कच्या आरंभीं आणि बाकीचें अंग त्याच्या स्वतःच्या हिश्शांत. मीं अंग पुसलें, पाय मागें राहिला. विंडोज आंत सुखरूप होतें, पण दरवाजा उघडणारा द्वारपाळच नव्हता. तें जर त्या दिवशीं उठलें असतें, तर मीं चार ठिकाणीं विचारून कुंपण पाडलें असतें, जागा ओढून घेतली असती, आणि तींत माझीं स्कॅन केलेलीं पानें हौसेनें मांडलीं असतीं. नानांच्या आवाजावर!

कन्येचा एक वर्गमित्र नांदेडला होता. दुसऱ्या दिवशीं लॅपटॉप मांडीवर घेऊन मीं एस.टी. धरली. अहमदपूर गेलें, लोहा गेलें, प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनीं त्याला सांवरीत होतों. शेजारच्या प्रवाशानें विचारलें, "लई महागाचं दिसतंय?" मीं म्हटलें, "नाहीं हो, विकायला गेलें तर दोन हजारही कोणी द्यायचा नाहीं." त्यानें माझ्याकडे चमत्कारिक नजरेनें पाहिलें.

तो तरुण फार कमी बोलणारा निघाला. त्यानें डिस्कला हात लावण्यापूर्वीं तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावयाला लावली. मोडलेल्या वस्तूवर प्रयोग करावयाचे ते नकलेवर, मूळ वस्तूवर नव्हे, असा त्याचा नियम. त्याला चार-पांच तास लागणार होते. मी गांवांत निघालों. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या शीतल फरशीवर बसलों, गोदावरीच्या घाटावर गेलों, आणि नानांचा विचार करीत राहिलों.

आमच्या या मुलखानेंही एकदां दुसरी कार्यप्रणाली काढून टाकली आहे, हें तेथें बसल्यावर माझ्या ध्यानांत आलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यांत आलें. झेंडा एका दिवसांत बदलला. व्यवहार एका दिवसांत बदलला नाहीं. भारतीय रुपया १९५० मध्यें हाली शिक्क्याच्या शेजारीं येऊन बसला. सात हाली म्हणजे सहा रुपये, हा हिशेब वाण्याच्या पोरालाही तोंडपाठ असे. पुढच्या वर्षापासून हाली नाणें काढणें बंद झालें, पण तें कायद्यानें बाद झालें १९५९ सालीं. म्हणजे आधीं नव्याला पाय रोवूं दिले, बाजार त्याच्यावर चालतो असें पाहिलें, आणि मग जुन्याला निरोप दिला. नाण्याच्या बाबतींत तें शहाणपणाचें झालें. पण कागदांच्या बाबतींत? कागद जागच्या जागीं राहिले, आणि ते वाचणारी पिढी हळूहळू निघून गेली. २०२३ सालीं मराठवाड्यांत निजामकालीन नोंदींचा सरकारी शोध सुरू झाला तेव्हां उर्दू आणि मोडी वाचणारांची किती वाण आहे हें साऱ्यांनाच दिसलें. मला तें चार वर्षें आधीं, घाटाच्या पायरीवर बसल्या बसल्या दिसलें होतें. कोणी जाळले नाहींत, कोणी फाडले नाहींत, तरी कागद हरवूं शकतात. वाचणारा नाहींसा झाला कीं पेटींतला कागद आणि यंत्रांतला तो निनांवी पट्टा, दोन्ही सारखेच.

संध्याकाळीं परत गेलों. त्यानें एका पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलें होतें, आणि टेस्टडिस्क नांवाचें एक साधन नकलेवर फिरत होतें. पडद्यावर चित्र नाहीं, शोभा नाहीं. नुसते आंकडे सरकत होते. हें साधन खोडलेल्या यादीवर विसंबत नाहीं. तें डिस्कच्या पृष्ठभागावरून चालत जातें आणि जेथें जेथें एखाद्या हिश्शाचा आरंभदगड दिसतो तेथें थांबतें. भूमापक जसा गवतांत बुजलेले जुने दगड शोधून बांध पुन्हां आंखतो, तसेंच. एका ठिकाणीं तें थांबलें. लिनक्स, असें लिहून आलें. त्यानें दोन कळा दाबल्या, आणि आंतल्या फोल्डरांचीं नांवें ओळीनें उभीं राहिलीं. त्यांत एक 'नाना' असें होतें.

त्यानें पहिलें मुद्रण लावलें. आधीं नुसती खरखर, पंख्याचा आवाज, स्वयंपाकघरांतून आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलेला कांहीं प्रश्न. मग नाना खांकरले. "हा बैनामा आहे तेराशें पंचेचाळीस फसलीचा," ते म्हणाले. "त्यांत पांचशें नव्वद मिळव, म्हणजे तुमचें साल येईल. कर बघूं." "एकोणीसशें पस्तीस," नातीचा आवाज आला. "शाबास. आणि किंमत साडेतीनशें हाली. म्हणजे कलदार किती?" ती गप्प. नाना हसले. "तीनशें. साताला सहा. हें विसरलें तर वाणी लुबाडील." पुढें ते चतुःसीमा वाचूं लागले. पूर्वेस कोणाचें शेत, पश्चिमेस ओढा. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलों. त्या मुलानें कांहीं न बोलतां दुसऱ्या खोलींत जाऊन चहा टाकला.

अकराही मुद्रणें शाबूत होतीं. मग जुनी नोंद त्यानें मूळ डिस्कवर पुन्हां लिहिली. यंत्र बंद करून चालू केलें. ती यादी उमटली. वर उबुंटू, खालीं विंडोज. जिचा मीं तीन वर्षें राग केला ती यादी पाहून एवढा आनंद व्हावा, याचें मलाच हसूं आलें.

नंतर आम्हीं तो हिस्सा काढलाच. जागेची गरज खरीच होती. पण या वेळीं क्रमानें काढला, आणि तो क्रम वाचकांपैकीं कोणाला उपयोगी पडेल म्हणून नोंदवून ठेवतों. पहिलें, लिनक्समध्यें शिरून, म्हणजे त्या घरांत राहणाराच्या डोळ्यांनीं, सगळें पाहिलें व ठेवण्याजोगें दोन वेगळ्या ठिकाणीं उतरवून घेतलें. उतरविलेलें उघडून, ऐकून पाहिलें. दुसरें, विंडोजच्या तबकडीवरून दुरुस्तीचा मार्ग धरून डिस्कच्या आरंभीं पुन्हां विंडोजचाच द्वारपाळ बसविला, आणि यंत्र दोनदां बंद-चालू करून तो काम करतो याची खात्री केली. तिसरें, मग लिनक्सचा हिस्सा पुसला, व त्याच्याजवळचा स्वॅप नांवाचा लहान तुकडाही पुसला. चौथें, रिकामें कुंपण काढलें. पांचवें, तेव्हां कोठें विंडोजचा हिस्सा वाढविला. सारें काम अर्ध्या तासाचें. मीं तें उलट्या टोंकानें सुरू केलें होतें एवढेंच.

अलीकडच्या यंत्रांत जुनी यादी जाऊन जीपीटी नांवाची यादी आली आहे. तींत बहुधा १२८ नोंदी मावतात, आणि तिची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. यंत्राला जागें करणारी व्यवस्थाही एका लहान, वेगळ्या हिश्शांत असते. दुसरी प्रणाली पुसली तरी तिचें नांव तेथें मागें राहतें, तें निराळें काढावें लागतें. मात्र त्या लहान हिश्शावरच घाव घातला तर दोन्ही प्रणाली बंद पडतात. फिरत्या चकतीच्या जागीं एसएसडी असेल तर आणखी एक धोका आहे. तेथें पुसलेली जागा यंत्र आपणहून लौकर साफ करून ठेवतें. माझ्या नशिबीं आलेली उभी ज्वारी तेथें सर्वांना सांपडेलच असें नाहीं. म्हणून पहिली पायरी, म्हणजे शिरून पाहण्याची, ती तेथें सर्वांत मोलाची.

तो लॅपटॉप आतां थकला आहे. पण अजून रोज सकाळीं चालू करतांना माझें बोट खालच्या बाणावर जातें. तेथें निवड करण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं हें त्याला अजून पटलेलें नाहीं.

पत्र्याची पेटी मात्र मीं माळ्यावरून खालीं आणली आहे. गेल्या पावसाळ्यापासून उर्दू अक्षरें गिरवतों आहें. कन्येनें मुद्रणें माझ्या फोनवर घालून दिलीं आहेत. कागद समोर ठेवतों, नानांचा आवाज लावतों, आणि उजवीकडून डावीकडे बोट सरकवीत जातों. ते शब्द उच्चारतात, मी तो शब्द कागदावर शोधतों. पहिला बैनामा अर्धा झाला आहे. पश्चिमेच्या ओढ्यापर्यंत आलों आहें.